वानरांमागे एक दिवस

पहाटे ४.४५

पाठपिशवीत दुर्बीण, आखलेले तक्ते, वही, पाण्याच्या बाटल्या आणि घट्ट बांधलेली भाकरी-चटणी. लिहायला पेन्सिलच, कारण फेब्रुवारीच्या दवात शाई पसरते. घड्याळ मनगटावरचं हवं. दर मिनिटाला मोबाइल उघडत राहिलं की नजर टोळीवरून हटते.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. हिवाळ्यात शेवटच्या वर्षाच्या काही मुलामुलींना घेऊन कर्नाळ्याच्या जंगलात वानरांच्या वागणुकीच्या नोंदी करते. माणसाच्या उगमाचा विषय निघाला की मुलांना आफ्रिका आठवते: टांझानियातली ओल्डुवाई घळ, गोम्बेचं जंगल, लीकी दांपत्य, जेन गुडॉल, डायन फॉसी. ते बरोबरच आहे. पण या संशोधनाच्या दोन वाटा आपल्या दख्खनमधून आफ्रिकेत गेल्या, एक धारवाडहून आणि एक नेवाशाहून. आणि ज्या पद्धतीने तिथे हे शास्त्र उभं राहिलं, ती पद्धत पनवेलपासून १२ किलोमीटरवरही चालते. आजचा दिवस त्यासाठी आहे.

पहाटे ५.३०

पनवेलच्या एसटी स्थानकावर मुलं जमली आहेत. एका मुलीला सोडायला तिची आई आली आहे. ‘मॅडम, जंगलात मुलींना काही भीती नाही ना?’ वनखात्याचं परवानगीपत्र मी त्यांना दाखवते, वाडीवरचे वाटाडे मामा बरोबर असतील हे सांगते, परतायची वेळ सांगते. त्यांची काळजी रास्त आहे.

गाडीत बसल्यावर मुलींना जेनच्या आईची हकिकत सांगते. १४ जुलै १९६० रोजी जेन गुडॉल गोम्बेच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, तेव्हा ब्रिटिश अंमल होता आणि तरुण मुलीला एकटीने जंगलात राहू द्यायला अधिकारी तयार नव्हते. म्हणून त्यांची आई, व्हॅन, सोबत आली. काही महिने ती त्या छावणीत राहिली आणि आसपासच्या कोळ्यांना साधी औषधं देत राहिली. त्या औषधांमुळे परक्या मुलीबद्दल तिथल्या लोकांच्या मनात विश्वास तयार झाला.

जेनना तिथे पाठवलं लुई लीकी यांनी. जेन त्यांच्याकडे नैरोबीच्या संग्रहालयात सेक्रेटरी होत्या, हाताशी पदवी नव्हती. लीकी आयुष्यभर जमिनीतून हाडं काढत आले होते. हाडं सापडतात, पण वागणूक दगडात उरत नाही, ही त्यांची अडचण. त्यांचा विचार असा होता: आज माणूस आणि चिंपांझी दोघंही जे करतात, ते दोघांच्या समान पूर्वजानेही केलं असण्याचा संभव आहे. म्हणून हाडं खणणाऱ्या माणसाने जिवंत वानरांकडे माणसं पाठवली. गोम्बेत जेन, १९६७ मध्ये विरुंगाच्या डोंगरात गोरिलांकडे डायन फॉसी, १९७१ मध्ये बोर्निओत ओरांगउटानांकडे बिरुटे गाल्डिकास.

सकाळी ६.१५

पळस्पे फाटा मागे पडतो, वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण मागे पडतं, आणि रस्त्याच्या डावी-उजवीकडे झाडी दाटते. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्याच्या पोटातूनच जातो. कर्नाळा हे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य, १९६८ चं. आधी साडेचार चौरस किलोमीटरच्या आत होतं, पुढे वाढून १२.११ चौरस किलोमीटर झालं. येणारे बहुतेक पक्ष्यांसाठी येतात आणि त्यांचं चुकत नाही. वानर मात्र सगळ्यांना दिसतं, म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कुणी बघत नाही.

मामा फाटकाशी उभेच आहेत. काल संध्याकाळी टोळी कुठल्या झाडांवर चढली, ते त्यांनी बघून ठेवलंय.

सकाळी ६.५०

उजाडताना उंच झाडावरून हुप्प्याची आरोळी येते. एकदा, दोनदा, मग दरीपलीकडून दुसऱ्या हुप्प्याचं उत्तर. काळ्या तोंडाच्या वानरांची ही टोळी विसेक जणांची: एक मोठा नर, बाकी माद्या आणि पिल्लं. आम्ही अंतर ठेवून बसतो. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. वानराला रोखलेली नजर धमकीसारखी वाटते.

आमची टोळी माणसाला सरावलेली आहे. गोम्बेत तसं नव्हतं. सुरुवातीला माणूस दिसला की चिंपांझी पळत आणि जेन टेकडीवर बसून दुर्बिणीतून दिवसचे दिवस वाट बघत. नंतर एका नराने त्यांना जवळ येऊ दिलं. पांढुरक्या हनुवटीवरून त्यांनी त्याला डेव्हिड ग्रेबिअर्ड म्हटलं. नोव्हेंबर १९६० मध्ये वारुळात गवताची काडी घालून वाळव्या बाहेर काढताना त्यांनी पाहिला तो हाच. हत्यार बनवणारा प्राणी फक्त माणूस, ही समजूत त्या काडीने मोडली.

त्याच सुमारास जपानी संशोधक वेगळ्या वाटेने याच पद्धतीपाशी पोचत होते. किंजी इमानिशी आणि जुनिचिरो इतानी यांनी १९४८ पासून जपानमधल्या माकडांची एकेकाची ओळख पटवून वर्षानुवर्षं नोंदी ठेवायला सुरुवात केली होती. १९५८ मध्ये ते दोघे आफ्रिकेत पोचले, जेन गोम्बेत उतरण्याच्या दोन वर्षं आधी.

सकाळी ७.३०

आता काम सुरू. प्रत्येकाला एक प्राणी वाटून दिलाय. दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं आणि दर मिनिटाला तो काय करतोय ते लिहायचं: खातोय, चालतोय, बसलाय, दुसऱ्याच्या अंगावरचे उवा-किडे वेचतोय, वेचून घेतोय. दहा मिनिटं झाली की पुढचा प्राणी. दर अर्ध्या तासाने संपूर्ण टोळीवर एकदा नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करतंय याची मोजणी.

मुलांना पहिल्या दिवशी हे रटाळ वाटतं. नजर आपोआप मारामारी करणाऱ्या नराकडे जाते, कारण तो आवाज करतो. मादी शांतपणे पाला खाते, तिची नोंद राहून जाते. मग वहीत टोळी भांडखोर दिसते आणि नर तिचा नायक ठरतो. जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये एक लेख लिहून हा दोष दाखवला आणि नोंदी कशा घ्यायच्या याचे नियम घालून दिले. केनियातल्या आम्बोसेलीत बबूनमागे फिरून त्या या निष्कर्षावर आल्या होत्या. आज जगात कुठेही प्राण्यांची वागणूक अभ्यासणारा माणूस या नियमांवर चालतो. आमच्या तक्त्यातली दहा मिनिटांची चौकटही तिथलीच.

सकाळी ९.००

ऊन खाली उतरतं तशी टोळी सावरीवर आणि कोशिंबाच्या तांबूस पालवीवर येते. वानराच्या पोटात कप्पे असतात. त्यात जिवाणू पाला आंबवतात. म्हणून भरपूर खाऊन मग तासन्‌तास बसायचं, असा त्याचा दिवस.

एका मादीच्या छातीशी काळपट रंगाचं तान्हं पिल्लू आहे. हुप्प्या फांदीवरून सरकत जवळ येतो, ती जागची हलत नाही. ‘हा बाप असेल, मॅडम?’ एक मुलगा कुजबुजतो. हा प्रश्न मला धारवाडला घेऊन जातो.

१९६१ ते १९६३ या काळात जपान-भारत संयुक्त प्रकल्पात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा धारवाडजवळच्या जंगलात होते. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेला हा जिल्हा तेव्हा म्हैसूर राज्यात गेला होता. काळ्या तोंडाच्या वानरांच्या टोळ्यांना त्यांनी क्रमांक दिले होते. १९६२ मध्ये ३० क्रमांकाच्या टोळीवर सात नरांच्या एका जथ्याने हल्ला केला. जुना हुप्प्या हाकलला गेला, पुढे सातांपैकी एकाने बाकीच्यांना घालवून टोळी ताब्यात घेतली, आणि त्यानंतर टोळीतली पिल्लं एकामागून एक चावून मारली गेली. सुगियामांनी जे दिसलं ते लिहिलं. १९६५ मध्ये ते छापून आलं तेव्हा अनेकांनी ही विकृती मानली, गर्दीचा परिणाम मानला.

१९७१ पासून सारा हर्डी यांनी राजस्थानात अबूच्या वानरांमध्ये हेच तपासलं. तान्हं पाजत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. बाहेरून आलेल्या नराच्या हाती टोळी थोडाच काळ असते. आधीच्या नराचं पिल्लू मेलं तर मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची स्वतःची पिल्लं जन्मतात. म्हणजे यामागे निवडीचं गणित आहे, असं हर्डींनी मांडलं. आणि माद्या हे मुकाट्याने सोसत नाहीत, एकजुटीने नराला रोखतात, हेही त्यांनीच ठळक केलं. त्यावर खूप वाद झाला. पण पुढे डायन फॉसींनी विरुंगातल्या गोरिलांमध्ये पिल्लं मारली गेल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, सेरेंगेटीतल्या सिंहांतही तेच दिसलं. आफ्रिकेतल्या त्या नोंदी समजायला धारवाडची वही उपयोगी पडली.

मुलाला मी एवढंच सांगते: बाप कोण ते आज ठरवू नकोस. तो किती अंतरावर बसला आणि किती वेळ, ते लिही.

सकाळी १०.४५

रस्त्याकाठी दुसरं जग आहे. इथे माकडं असतात, डोक्यावर केसांची टोपी असलेली, तपकिरी अंगाची. ही जात फक्त भारताच्या द्वीपकल्पात आढळते, उत्तरेकडून सरकणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांमुळे तिचा प्रदेश आक्रसतोय, आणि जागतिक यादीत ती आता ‘असुरक्षित’ गणली जाते. एक मोटार थांबते. खिडकीतून केळी, वेफर्स, वडापाव. दोन मिनिटांत सगळी टोळी डांबरावर.

आमचा तक्ता इथेही चालतो. खाणं पडल्यावर दात विचकणं, पाठलाग आणि चावे आतल्या झाडीतल्यापेक्षा सरळसरळ जास्त. गालाच्या पिशव्या भरून घेतात ते मोठे नर; पोटुशी मादी कडेला थांबते. आणि मागून ट्रक येत असतो.

हा धडा गोम्बेतही शिकून झालेला आहे. १९६२ नंतर जेननी चिंपांझींना छावणीजवळ आणण्यासाठी केळी ठेवायला सुरुवात केली. जवळून निरीक्षण करता आलं, छायाचित्रं मिळाली. पण मोठाले गट एका जागी जमू लागले, भांडणं वाढली, बबूनही तिथे येऊन चिंपांझींशी झोंबू लागले. १९६६ मध्ये पोलिओची साथ आली. काही चिंपांझी मेले, काही लुळे झाले. पुढे केळी कमी करत नेली आणि शेवटी बंद केली. जेननी हे सगळं स्वतःच लिहिलं. इतक्या मोठ्या संशोधिकेने ज्या गोष्टीचा परिणाम भोगून ती थांबवली, ती आपण पुण्य समजून महामार्गावर रोज करतो आहोत. मुलं मोटारीपाशी जाऊन हात जोडून सांगतात, ‘काका, खायला नका देऊ.’ काही ऐकतात.

दुपारी १२.३०

टोळी सावलीत पसरली आहे. भाकरी खायची हीच वेळ. वर कर्नाळ्याचा सुळका तापतोय.

हा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. माणूस येण्याच्या कितीतरी आधी तो थिजला, म्हणून त्यात माणसाचं हाड सापडणार नाही. पूर्व आफ्रिकेत जमीन खचून लांबच लांब दरी झाली, तिच्यात तळी साचली, गाळात हाडं दबली आणि वर ज्वालामुखीची राख बसत गेली. राखेचं वय मोजता येतं. १७ जुलै १९५९ रोजी मेरी लीकींना ओल्डुवाईत जी कवटी सापडली, तिचं वय १९६१ मध्ये पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने १७ लाख ५० हजार वर्षं निघालं. माणसाचा इतिहास एका फटक्यात कितीतरी मागे गेला.

आपल्याकडे हाडं फार थोडी आहेत. नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी हे त्यातलं मोठं नाव. दगडी अवजारं मात्र पायाखाली आहेत. १९३० च्या दशकात के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने कांदिवलीत ती गोळा केली. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी नेवाशाला १९५४ पासून उत्खनन केलं. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी हातकुऱ्हाडी आणि ज्वालामुखीची राख एकाच ठिकाणी मिळाली. ती राख किती जुनी यावर अभ्यासक अजून झगडत आहेत, काहींच्या मते १४ लाख वर्षं, काहींच्या मते सुमारे ७५ हजार.

नेवाशाजवळ प्रवरेला मिळणाऱ्या चिरकी नाल्यापाशी १९६६ ते १९६९ या काळात एक जर्मन भूशास्त्रज्ञ खणत होती, गुड्रुन कॉर्व्हिनस. हातकुऱ्हाडी, रुंद धारेच्या फरश्या, त्यांचे छिलके, सगळं जिथल्या तिथे मांडून तिने नकाशे केले. मग ती इथिओपियात हादारला गेली, जिथे १९७४ मध्ये डोनाल्ड जोहान्सन यांना ‘ल्युसी’ हा मानवपूर्वजाचा सांगाडा सापडला. शेजारच्या गोना नदीच्या परिसरातली दगडी अवजारं कॉर्व्हिनस आणि एलेन रोश यांनी १९७६ मध्ये अभ्यासकांपुढे ठेवली. पुढच्या मोजणीत ती सुमारे २६ लाख वर्षांची ठरली. २०१५ मध्ये केनियातल्या लोमेक्वीची ३३ लाख वर्षांची अवजारं जाहीर होईपर्यंत त्याहून जुनं अवजार हाती नव्हतं.

आणि त्याच १९७६ मध्ये धारवाडचे सुगियामा पश्चिम आफ्रिकेत, गिनीतल्या बोसू गावी पोचले. तिथले चिंपांझी एका दगडावर तेलताडाची बी ठेवतात आणि दुसऱ्या दगडाने फोडतात. प्रवरेकाठी दगड वाचायला शिकलेली एक बाई आफ्रिकेच्या पूर्वेला माणसाचे जुने दगड शोधत होती, आणि धारवाडला वानर वाचायला शिकलेला एक माणूस पश्चिमेला वानराच्या हातातला दगड बघत होता. मुलांना मी हे दरवर्षी सांगते.

दुपारी ३.००

टोळी उठते आणि ओढ्यापलीकडे दिसेनाशी होते. आम्ही गोंधळतो. मामा ओल्या मातीवर पडलेली अर्धवट चावलेली फुलं बघतात, वर बघतात, आणि उजवीकडची वाट धरतात. दहा मिनिटांत टोळी समोर. थोड्या वेळाने वरून खोकल्यासारखा खरखरीत आवाज सुरू होतो, सगळी वानरं एकाच दिशेला तोंड करून. ‘बिबट्या असंल, नायतर त्याचा वास,’ मामा म्हणतात. आम्ही खाली बसतो आणि आवाज थांबल्याची वेळ लिहितो.

मोठ्या नावांमागे असे लोक असतात. मे १९७५ मध्ये गोम्बेतून चार विद्यार्थ्यांचं अपहरण झालं. परदेशी संशोधकांना जंगल सोडावं लागलं. नोंदी मात्र तुटल्या नाहीत, कारण हिलाली मातामा आणि इतर टांझानियन मदतनीसांनी त्या चालू ठेवल्या. केनियातल्या तुर्काना सरोवराकाठी १९८४ मध्ये माणसाच्या पूर्वजाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, त्याचा पहिला तुकडा कामोया किमेऊ यांच्या नजरेस पडला होता. म्हणून आमच्या अहवालात मामांचं नाव आभाराच्या ओळीत नसतं, नोंद करणाऱ्यांच्या यादीत असतं.

सायंकाळी ५.००

फाटकाजवळच्या बाकावर तक्ते जुळवतो. दोघांनी एकाच प्राण्याच्या एकाच वेळच्या नोंदी केल्या असतील तर त्या सारख्या आहेत का, ते बघायचं. एकाने ‘बसला’ लिहिलंय, दुसरीने ‘अंग वेचतोय’. दोघांनी मिळून व्याख्या पक्की करायची. चुकीचा आकडा खोडरबराने पुसायचा नाही, एक रेघ मारून शेजारी दुरुस्त करायचा.

एकाला प्रश्न पडतो, मोजून काय होतं? मी त्याला विरुंगाची मोजणी सांगते. १९८० च्या सुमारास तिथे अडीचशेच्या आसपास पर्वतीय गोरिला उरले होते. डिसेंबर १९७७ मध्ये डिजिट हा फॉसींचा लाडका गोरिला शिकाऱ्यांनी मारला, डिसेंबर १९८५ मध्ये त्यांच्या छावणीत खुद्द फॉसींची हत्या झाली. मोजणी चालू राहिली, पहारे वाढले, आणि २०१८ मध्ये सगळे पर्वतीय गोरिला मिळून संख्या हजाराच्या वर गेल्याचं जाहीर झालं. किती उरलेत हे ठाऊक होतं म्हणून वाचवता आले.

सायंकाळी ६.१५

टोळी पुन्हा उंच झाडांवर. चढताना शेवटची मोजणी. झाडांची खूण नकाशावर. उद्या दुसरा गट इथूनच सुरुवात करील.

रात्री ८.३०

घरी पोचल्यावर अंघोळ, जेवण, आणि मग नोंदी संगणकावर. आज लिहिलं नाही तर उद्या अक्षर लागत नाही. वागणुकीचा तक्ता, खाल्लेल्या झाडांची यादी, रस्त्यावर दिलेल्या खाण्याच्या नोंदी अशी तीन पानं भरते.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी जेन गुडॉल गेल्या, ९१ व्या वर्षी. गोम्बेतली नोंद साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आपल्याकडे हुशारी कमी नाही, जंगलंही आहेत. एकाच टोळीची वर्षानुवर्षं न तुटणारी नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. धारवाडला आणि चिरकीला बाहेरून माणसं आली, थोडी वर्षं राहिली आणि जगाला पुरेल एवढं शिकून गेली. आपण तर इथेच राहतो.

म्हणून वाचकांना विनंती. तुमच्या गावाबाहेर, घाटात, देवळापाशी वानरांची एखादी टोळी असेलच. तिला खायला घालू नका. लांब बसा, अर्धा तास बघा, आणि जे दिसेल तेवढंच तारीख-वेळ घालून वहीत लिहा. आणि पुढच्या आठवड्यात त्याच टोळीपाशी परत जा.